फिट लाइक? अर्थात स्कॉटलंडात बोलतात तरी काय!

सुरुवात एका फोनपासून करतो.

आमच्या विंगमधला एक सीनियर एम.एस्सी. करायला ॲबर्डीनला गेला. ॲबर्डीन म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बंदर, उत्तर समुद्रातल्या तेलधंद्याचं गाव. त्यामुळे आमच्या मेकॅनिकलवाल्यांचं तिकडे विशेष लक्ष. स्वारी इंग्लिशमध्ये एकदम पक्की. आयईएल्टीएसला साडेसात बँड आले म्हणून अख्ख्या विंगला समोसे खिलवले होते. तिकडे पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी रात्री फोन आला, "अरे, इथे इंग्लिश बोलतच नाहीत रे!"

झालं होतं असं, की टॅक्सीवाल्याने ह्याच्या बॅगा डिकीत टाकता टाकता विचारलं, "फिट लाइक?" ह्याला वाटलं, आपल्या बॉडीची तारीफ चालली आहे. म्हणाला, "येस येस, आय गो टू जिम!" टॅक्सीवाला पोट धरून हसला. पुढे पंधरा मिनिटं तो भरभरून बोलत होता आणि आमचा हिरो नुसता "या, या" करत होता. शेवटी वर्गातल्या एका मुलीने उलगडा केला. 'फिट लाइक' म्हणजे "काय, कसं काय?" तिकडच्या बोलीत 'व्हॉट'चा 'फिट' होतो, 'व्हेअर'चा 'फार' आणि 'हाऊ'चा चक्क 'फू'!

स्पीकरफोनवर हा किस्सा ऐकून सगळी रूम हसली. मीही हसलो. पण मला त्या टॅक्सीवाल्याबद्दल उगीचच आपुलकी वाटली. त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मालवणकडचा. होस्टेलवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वाढणाऱ्या काकांना म्हणालो, "काका, माका वायच भात घाला." 'वायच' म्हणजे थोडासा. घरी दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द. टेबलावर क्षणभर शांतता, आणि मग जो हशा पिकला तो अजून कानात आहे. त्या दिवसापासून माझं नाव 'वायच'. माझं खरं नाव विंगमध्ये आता कुणाला आठवत असेल का, शंकाच आहे. चिडवणारे माझे जिवाभावाचे मित्र आहेत, राग अजिबात नाही. पण तेव्हापासून मी एक गोष्ट गुपचूप करायला लागलो. घरून फोन आला की कॉरिडॉरच्या टोकाला, गच्चीच्या जिन्यात जाऊन बोलायचं. आईशी मी मालवणीत बोलतोय हे कुणाच्या कानावर पडू नये म्हणून.

पुढच्या फोनवर सीनियर म्हणाला, "अरे वायच, इथे तुझाच शब्द चालतो! ज्याला त्याला 'वी' लावतात. वी कप ऑफ टी, वी मिनिट, वी वॉक." वी म्हणजे लहानसं, थोडंसं. म्हणजे वायच! मग मात्र मला राहवेना. ऐन सबमिशनच्या दिवसांत असाइनमेंट बाजूला टाकून मी लायब्ररीत आणि नेटवर स्कॉटलंडच्या भाषांच्या मागे लागलो. त्याचंच हे जर्नल तुमच्यापुढे ठेवतो. एक्स्टर्नलची सही नाही, पण रीडिंग्ज ढापलेली नाहीत!

देश एक, भाषा किती?

स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५४ लाख. इंग्लिश सगळ्यांनाच येते. पण तिच्या जोडीला या देशाच्या स्वतःच्या दोन भाषा आहेत, एक स्कॉट्स आणि दुसरी गॅलिक. (हा शब्द आयर्लंडवाले 'गेलिक' असा उच्चारतात, स्कॉटलंडवाले 'गॅलिक'. व्हायव्हात विचारलं तर चुकू नका.) शिवाय मूकबधिरांच्या ब्रिटिश खुणांच्या भाषेसाठी तिथे २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, की स्कॉट्स आणि गॅलिक एकच. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात या दोघींचा एकमेकींशी काही घरोबा नाही. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातली, म्हणजे इंग्लिश, डच, जर्मन यांच्या घरातली. गॅलिक ही केल्टिक कुळातली. आयरिश आणि मॅन बेटावरची मँक्स या तिच्या सख्ख्या बहिणी, वेल्श ही चुलत बहीण. मराठीला रशियन जेवढी लांबची, तेवढीच स्कॉट्सला गॅलिक लांबची समजा. खापरपणजी एक, पण बोलणंचालणं नाही.

आणखी जुन्या भाषाही तिथे होत्या. ईशान्येला पिक्ट लोकांची भाषा होती, ती गावांच्या नावांत उरली आहे. 'पिट'ने सुरू होणारी पिटलॉखरीसारखी नावं त्यांच्या भागातली. उत्तरेच्या ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांवर व्हायकिंगांच्या वंशजांची नॉर्न भाषा होती. ही बेटं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची. मुलीच्या लग्नात हुंड्याची रक्कम जमेना म्हणून त्याने १४६८-६९ मध्ये ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि पुढे कधी सोडवलीच नाहीत! त्यानंतर हळूहळू नॉर्नची जागा स्कॉट्सने घेतली.

नावाची पळवापळवी

आता थोडा इतिहास. झोपू नका, यात गंमत आहे.

गॅलिक भाषा आयर्लंडहून पश्चिम किनाऱ्यावर आली असं परंपरेने मानतात, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी. 'स्कॉट' हे नाव मुळात या गॅलिक बोलणाऱ्यांचं. अकराव्या शतकापर्यंत गॅलिक ही राजदरबाराची भाषा होती आणि जवळजवळ सगळ्या स्कॉटलंडात पसरलेली होती.

दुसरीकडे आग्नेय भागात, आजच्या एडिंबराच्या आसपास, उत्तरेकडची जुनी इंग्लिश बोलणारे लोक आधीपासून राहत होते. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने व्यापारी पेठा वसवल्या आणि तिथे उत्तर इंग्लंडहून व्यापारी, कारागीर आले. बाजारात चालणारी भाषा भराभर पसरते. मैदानी भागात, म्हणजे लोलँड्समध्ये, गॅलिक मागे हटत गेली आणि डोंगराळ हायलँड्समध्ये व पश्चिमेच्या बेटांवर उरली.

लोलँड्सचे लोक आपल्या भाषेला आधी 'इंग्लिस' म्हणायचे. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांना वाटायला लागलं, की आपलं राज्य वेगळं, राजा वेगळा, मग भाषेचं नाव शेजाऱ्याचं कशाला? त्यांनी तिला 'स्कॉटिस' म्हणायला सुरुवात केली. गॅव्हिन डग्लस या कवीने १५१३ मध्ये व्हर्जिलचं महाकाव्य भाषांतरित केलं, तेव्हा हे आपण स्कॉटिस भाषेत केलं आहे असं त्याने बजावून सांगितलं. आणि ज्यांचं हे नाव मूळचं होतं त्या गॅलिकला काय म्हणायला लागले? 'अर्स', म्हणजे आयरिश! स्वतःच्याच घरात बिचारी पाहुणी झाली.

स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्लिश?

आमच्या सीनियरला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण नीट बघितलं तर प्रकरण वेगळं आहे. इंग्लिश आणि स्कॉट्स दोघी जुन्या इंग्लिशच्या मुली. एक दक्षिणेत वाढली, एक उत्तरेत. आणि काही बाबतीत उत्तरेतल्या मुलीनेच आईचे दागिने जास्त जपून ठेवले आहेत.

उदाहरण घ्या. इंग्लिश स्पेलिंगमधला तो मुका 'जीएच', ज्याने आपल्याला पाचवीपासून छळलं, तो कधीकाळी मुका नव्हता. 'नाइट', 'राइट', 'ब्राइट' या शब्दांत तिथे खरंच घशातला 'ख'सारखा आवाज होता. इंग्लिशने तो गाळला आणि स्पेलिंग तसंच ठेवलं. स्कॉट्समध्ये तो अजून शाबूत आहे: निख्त, रिख्त, ब्रिख्त. जर्मन 'नाख्ट' त्याचंच भावंड. तसंच घराला स्कॉट्समध्ये 'हूस' म्हणतात, उंदराला 'मूस', गाईला 'कू'. हे 'हाऊस'चं बिघडलेलं रूप वाटतं ना? उलट आहे! जुना उच्चार 'हूस'च होता. पंधराव्या शतकापासून दक्षिणेत स्वरांची उलथापालथ झाली आणि त्याचा 'हाऊस' झाला. उत्तरेत ही लाट अर्धवटच पोचली. म्हणजे बिघडलं कोण आणि राहिलं कोण, हे तुम्हीच ठरवा.

शब्दही स्वतःचे भरपूर. मूल म्हणजे बेर्न, चर्च म्हणजे कर्क, माहीत असणं म्हणजे केन, होकार म्हणजे आय. दिवसभर आभाळ भरलेलं, पाऊस रिपरिपतोय, अंगात गारठा आणि मनात कंटाळा, या सगळ्याला मिळून एक शब्द: 'ड्रीख'. कोकणात चार महिने काढलेल्या माणसाला हा शब्द समजवावा लागत नाही. तिकडे इंग्लिश बोलतानाही स्कॉट्स डोकावत असते. किराणा आणायला गेलं की 'मेसेजेस' आणायला गेलो म्हणतात. सरकारी कागदपत्रांत 'आउटविथ' हा शब्द सर्रास दिसतो, अर्थ 'च्या बाहेर'. आणि "तू कुठे राहतोस?" याला ते 'लिव्ह' न वापरता "व्हेअर डू यू स्टे?" असंच विचारतात, अगदी आपल्यासारखं! सीनियर म्हणाला, हे एक वाक्य मात्र पहिल्या झटक्यात समजलं.

मग ही भाषा मागे का पडली? एक कारण बायबल. १५६० मध्ये स्कॉटलंडात धर्मसुधारणा झाली, पण घराघरांत वाचायला मिळालं ते इंग्लिश बायबल. स्कॉट्समधलं तयारच नव्हतं. म्हणजे देवाची भाषा इंग्लिश झाली. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि दरबार घेऊन लंडनला गेला. म्हणजे राजाची भाषा इंग्लिश झाली. १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या, म्हणजे कायद्याची आणि नोकरीची भाषाही इंग्लिश झाली. बंदी कुणी घातली नाही. एकेक दरवाजा नुसता बंद होत गेला.

त्यातून जे आलं ते मला सगळ्यात जास्त टोचलं. अठराव्या शतकात एडिंबरा म्हणजे युरोपातल्या विद्वानांचं गाव. डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ तिथला. पण याच ह्यूमने १७५२ च्या सुमारास आपल्या लिखाणातून टाळायच्या स्कॉटिश शब्दांची यादी बनवली होती! १७६१ मध्ये टॉमस शेरिडन नावाच्या नटाने एडिंबरात शुद्ध इंग्लिश बोलण्याचे क्लास घेतले आणि शहरातली बडी मंडळी तिथे जाऊन बसली. हा शेरिडन होता आयरिश! कॉल सेंटरवाल्यांच्या ॲक्सेंट ट्रेनिंगचा खापरपणजोबाच म्हणा. ह्यूमची ती यादी वाचताना मला गच्चीचा जिना आठवला. एवढा मोठा माणूस, पण तोही आपली भाषा जिन्यातच ठेवत होता की!

त्याच शतकात रॉबर्ट बर्न्स नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने स्कॉट्समध्ये बिनधास्त कविता लिहिल्या. त्याने लिहून काढलेलं 'ऑल्ड लँग साइन' तुम्ही ऐकलेलं आहे, नाव माहीत नसेल. जुने दिवस, असा त्या स्कॉट्स शब्दांचा अर्थ. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेडला कॅडेट 'अंतिम पग' टाकतात तो याच सुरांवर, आणि रवींद्रनाथांनीही या चालीवर बंगाली गाणं रचलं आहे.

तरीही नशीब फारसं बदललं नाही. १९४६ च्या प्राथमिक शिक्षणावरच्या एका अधिकृत अहवालाने स्कॉट्स ही सुशिक्षितांची भाषा नाही, असा शेरा मारला. भाषा उरली ती विनोदापुरती. 'ऊर वुली' आणि 'द ब्रून्स' या चित्रमालिका १९३६ पासून एका रविवारच्या पेपरात येतात आणि त्यांतली पात्रं झकास स्कॉट्स बोलतात. लोकांचं त्यांच्यावर अलोट प्रेम. पण त्याच पोराने वर्गात तसं उत्तर दिलं तर, "नीट बोल!" आमच्या मालवणीचं काय वेगळं आहे? 'वस्त्रहरण'ला हाऊसफुल्लचा बोर्ड, आणि वर्गात 'माका' म्हटलं की खसखस. ज्या भाषेवर हसता येतं तिच्यात रडता, भांडता आणि गणितही शिकता येतं, हे लोक विसरतात.

गॅलिक: लांबची, पण ओळखीची

गॅलिककडे मी जरा घाबरतच वळलो. स्पेलिंग बघितलं की मायक्रोप्रोसेसरचा कोड बरा वाटतो. अक्षरं फक्त १८, पण 'बी' पुढे 'एच' आला की 'व', 'एम' पुढे 'एच' आला तरी 'व'. वाक्यात क्रियापद सगळ्यात पहिलं. पण थोडं आत शिरलो आणि चाटच पडलो.

गॅलिकमध्ये इंग्लिश 'हॅव'सारखं क्रियापद नाही. माझ्याकडे कुत्रा आहे, हे ते म्हणतात "हा कू अकम", म्हणजे शब्दशः "आहे कुत्रा माझ्यापाशी". आपणही तसंच बोलतो की! 'हो' आणि 'नाही' यांना सरसकट चालणारे शब्दही गॅलिकमध्ये नाहीत. "दमलायस का?" विचारलं, तर उत्तर "आहे" किंवा "नाही आहे". त्यातला 'आहे' म्हणजे 'हा'. हा योगायोगच, पण ऐकायला काय गोड! आणि जुन्या गॅलिक पद्धतीत मोजणी विसाच्या पटीत: चाळीस म्हणजे दोन वीस, साठ म्हणजे तीन वीस. माझी आजी नारळ मोजायची ते असंच, 'तीन विसा', 'चार विसा' करत.

काही साम्यं मात्र योगायोग नाहीत. दोन म्हणजे 'दा', तीन म्हणजे 'त्री'. आई 'माहर', भाऊ 'ब्राहर', नाव 'एनम', महिना 'मीअस', राजा 'री'. आपले माता, भ्राता, नाम, मास, राजा समोर ठेवून बघा. बापाला 'अहर' म्हणतात. इथे 'पितृ' कुठे गेला? तर केल्टिक भाषांनी फार प्राचीन काळी मूळचा 'प' गाळून टाकला. 'प' काढा, उरलेलं जुळतं. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, तेव्हा त्याने केल्टिकचंही नाव घेतलं होतं.

गॅलिकचे शब्द आपण रोज वापरतो, फक्त पत्ता माहीत नसतो. व्हिस्की म्हणजे मूळ 'उश्क्य बेहा', जीवनाचं पाणी. (रेक्टर सर, ही केवळ भाषिक माहिती आहे!) आपण मोर्चात देतो ती स्लोगन मूळची टोळीची युद्धगर्जना. आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा, मॅकिंटॉश म्हणजे नायकाचा मुलगा. खडी दाबून रस्ते करण्याची पद्धत रूढ करणारा मॅकॅडम हा स्कॉटिश इंजिनियर म्हणजे ॲडमचा मुलगा. त्याच्या नावात डांबर मिसळून 'टारमॅक' शब्द झाला. सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या टारमॅकच्या शेपटीला गॅलिकचा मुलगा लटकतो आहे!

स्कॉट्सच्या नशिबी नुसती हेटाळणी होती, गॅलिकच्या नशिबी मार होता. १६०९ मध्ये बेटांवरच्या सरदारांना फर्मान निघालं, की वारस मुलाला लोलँड्समध्ये पाठवून इंग्लिश लिहायला, वाचायला, बोलायला शिकवा. १६१६ मध्ये शाळांविषयीच्या आदेशात गॅलिक नष्ट करायची असं उघडच लिहिलं. १७४६ मध्ये कलॉडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाला आणि हायलँड्सचं टोळीजीवन मोडीत निघालं. पुढची शंभरेक वर्षं जमीनदार कुळांना हाकलून तिथे मेंढ्या पाळत राहिले. गावंच्या गावं जहाजात बसून कॅनडाला गेली. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर आजही थोडी गॅलिक ऐकू येते ती त्यामुळेच. १८७२ मध्ये शिक्षण सक्तीचं झालं, पण त्या कायद्यात गॅलिकचा उल्लेखसुद्धा नाही. शाळेत गॅलिक बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवायचे, अशा आठवणी लोकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. ज्या मुलांनी ती काठी गळ्यात वागवली, ती आईबाप झाल्यावर आपल्या मुलांशी गॅलिक बोललीच नाहीत. त्यांचा दोष कसा म्हणायचा?

रीडिंग्ज आणि ग्राफ

१८९१ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २००१ मध्ये उरले ५८,६५२. ग्राफ काढला तर मशीन बंद पडत असल्याचं कुणीही सांगेल. पण २०२२ चा आकडा आहे ६९,७०१. वाढला! काही ना काही गॅलिक येणारे सगळे धरले तर १ लाख ३० हजार.

हे कशामुळे झालं? १९७३ मध्ये स्काय बेटावर 'साउल मोर ऑस्टेग' हे गॅलिक कॉलेज सुरू झालं. १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस इथे गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग निघाले. २००५ मध्ये गॅलिकसाठी कायदा झाला, २००८ मध्ये 'बीबीसी आल्बा' ही वाहिनी आली. २०१९ मध्ये ड्युओलिंगोवर कोर्स आला आणि जगभरचे लोक मोबाइलवर गॅलिक शिकायला लागले.

पण थांबा, दुसरं रीडिंगही बघा. पश्चिमेची बेटं हा गॅलिकचा शेवटचा बालेकिल्ला. तिथे २०११ मध्ये निम्म्याहून जास्त लोक गॅलिक बोलत होते, २०२२ मध्ये प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं. म्हणजे शहरात शिकणारे वाढले आणि गावात बोलणारे घटले. बेटांवर काम नाही, तरुण पोरं ग्लासगोला जातात, गावात राहतात म्हातारे. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर इशारा दिला, की असंच चाललं तर दहाएक वर्षांत बेटांवर गॅलिक रोजच्या व्यवहारातून जाईल. शाळेतली भाषा टाकीतल्या पाण्यासारखी आहे. टाकी भरणं चांगलंच, पण विहिरीचा झराच आटला तर टाकी किती दिवस पुरणार?

स्कॉट्सविषयी जनगणनेत पहिल्यांदा विचारलं ते २०११ मध्ये. साधारण १५ लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला बोलता येते. २०२२ मध्येही बोलणारे १५ लाखच, पण समजणं, वाचणं, लिहिणं यांपैकी काहीतरी येणारे धरले तर २४ लाखांवर. २०१७ मध्ये पहिला हॅरी पॉटर स्कॉट्समध्ये आला. आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गॅलिक आणि स्कॉट्स या दोघींना अधिकृत दर्जा दिला. ह्यूमची यादी निघाल्यापासून पावणेतीनशे वर्षांनी!

भाषा की बोली, हा वाद तिथेही संपलेला नाही. आपल्याकडे कोकणीने हा वाद किती वर्षं सोसला! १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या परिशिष्टात गेली. व्हर्नियर लावून मोजता येईल अशी ही गोष्टच नाही. माणसं ठरवतात.

आणि आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लॉडर गावचे. त्यांनी मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवर मोठं टिपण लिहून दिलं. आपली भाषा मनापासून शिकलेला माणूस अशा गावचा होता, जिथली बोली म्हणजे स्कॉट्स!

पण इंजिनियरांसाठी खास किस्सा शेवटी ठेवला आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल माहीतच आहे, ज्याच्या समीकरणांनी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या किती केटी लावल्या! हा मॅक्सवेल खेड्यात वाढला. दहाव्या वर्षी एडिंबराच्या शाळेत गेला, तेव्हा त्याचे गावठी उच्चार आणि घरी बनवलेले कपडे बघून पोरांनी त्याला चिडवलं आणि टोपणनाव ठेवलं 'डॅफ्टी', म्हणजे येडपट. विजेचं आणि प्रकाशाचं कोडं पुढे ह्याच येडपटाने सोडवलं. आणि मोठेपणी त्याने काय केलं? बर्न्सच्या एका गाण्याचं विडंबन स्कॉट्समध्येच लिहिलं, हवेत उडणाऱ्या आणि एकमेकांवर आदळणाऱ्या पदार्थांवर! नाव 'रिजिड बॉडी सिंग्ज'. आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातली ती रिजिड बॉडी हो!

हे वाचलं त्या रात्री घरून फोन आला. सवयीने उठलो, चप्पल घातली, जिन्याकडे निघालो. मग दारातूनच परत फिरलो, कॉटवर बसलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "गो आये, जेवलंस काय?" रूममध्ये तिघे होते. एकाने मान वर केली, हसला. मी बोलत राहिलो. फोन ठेवल्यावर दुसरा, जो चंद्रपूरकडचा आहे आणि तीन वर्षांत ज्याने कधी प्रमाण मराठी सोडलं नव्हतं, तो हळूच म्हणाला, "आमच्या घरी बी असंच हाय बे. वेगळंच बोलतेत सारे."

मग रात्री दोनपर्यंत गप्पा चालल्या, आपापल्या घरच्या भाषेत. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. जर्नल अपुरं राहिलं, त्याबद्दल सरांची माफी मागतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्यात उभा राहून कुणी हळू आवाजात फोनवर बोलताना दिसला तर त्याला आत बोलवा. आणि मेसमध्ये कुणी वायच भात मागितला, तर हसा खुशाल, पण भात वाढा.

— 'वायच'
(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)